नवरंग पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की नवरंगाविषयीच्या प्रश्नांची रीघ लागते आणि पाऊस स्थिरावेपर्यंत ती चालू राहते. सप्टेंबरच्या अखेरीस पक्षी परतीच्या वाटेला लागतात, तेव्हा प्रश्नांची दुसरी लाट येते आणि त्यांतले बरेचसे खिडकीखाली निपचित सापडलेल्या पक्ष्याविषयीचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्यांच्या हातात या क्षणी जखमी पक्षी आहे त्यांनी बाकी सारे सोडून थेट प्रश्न १५ वाचावा.

१. नवरंग म्हणजे नेमका कोणता पक्षी?

नवरंग हा भारतीय उपखंडातील पानगळीच्या आणि निमसदाहरित जंगलांत, दाट झुडपांच्या सावलीत जमिनीवर वावरणारा, साळुंकीपेक्षा लहान, आखूड शेपटीचा आणि लांब पायांचा पक्षी आहे. त्याची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आणि वजन साधारण ४७ ते ६६ ग्रॅम, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाइतके असते. तो पिट्टा कुळातला आहे. या कुळात चाळीसहून अधिक जाती असून आफ्रिकेपासून दक्षिण आणि आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियापर्यंत त्यांचा विस्तार आहे. मात्र महाराष्ट्रात आणि गोव्यात आढळणारी जात ही एकच. त्यामुळे आपल्याकडे ओळखीचा घोळ फारसा होत नाही. पक्षी एकदा नीट दिसला की तो नवरंगच, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तो नीट दिसणे हीच खरी अडचण असते आणि पुढची बरीचशी उत्तरे त्या अडचणीभोवतीच फिरतात.

२. त्याच्या अंगावर खरोखर नऊ रंग असतात का?

मोजणाऱ्याच्या औदार्यावर ते अवलंबून आहे. डोक्याच्या मधोमध काळा पट्टा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बदामी पट्टे असतात, त्यांखाली पांढरी भुवई असते आणि डोळ्यावरून मानेपर्यंत एक रुंद काळा पट्टा जातो. गळा पांढरा, पाठ आणि पंखांचा वरचा भाग हिरवा, छाती व पोट बदामी. खांद्यापाशी चकाकणारा आकाशी निळा डाग असतो, शेपटीच्या वरचा कंबरेचा भागही निळा असतो आणि आखूड काळ्या शेपटीचे टोक निळे असते. पोटाच्या खालच्या भागापासून शेपटीखालपर्यंतचा भाग कुंकवासारखा लाल असतो. हिरवा, काळा, पांढरा, बदामी, लाल आणि दोन छटांचे निळे असे सात रंग निर्विवाद मिळतात. पायांचा गुलाबी आणि चोचीचा तपकिरी धरला की नऊ भरतात. नाव ठेवणाऱ्याने असा हिशेब केला असेल असे वाटत नाही, पण नाव चपखल बसले आहे. उडताना काळ्या पंखांवर एक ठळक पांढरा डाग चमकतो, तो बसलेल्या पक्ष्यात जवळजवळ लपलेला असतो; झुडपातून क्षणभर उडून गेलेला पक्षी ओळखायला हीच खूण सर्वांत उपयोगी पडते.

३. इतर भाषांत त्याला काय म्हणतात आणि शास्त्रीय नावाचा अर्थ काय?

हिंदी, गुजराती आणि कन्नड या भाषांतही नवरंग हेच नाव थोड्याफार उच्चारभेदाने चालते. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणि कुरुवि’ म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. ते का, हे प्रश्न ४ मध्ये येईल. श्रीलंकेत सिंहली भाषेत तो ‘अविच्चिया’ आहे आणि हे नाव त्याच्या हाकेवरूनच पडले आहे. तिथल्या लोककथेप्रमाणे मोराने याची सुंदर वस्त्रे पळवली आणि तेव्हापासून हा बिचारा त्याची तक्रार करीत हिंडतो. ज्याने आधीच इतके रंग अंगावर घेतले आहेत त्याने आणखी वस्त्रांसाठी रडावे, ही त्या कथेची गंमत आहे.

शास्त्रीय नाव ‘पिट्टा ब्रॅकियुरा’ असे आहे. यातला ‘पिट्टा’ हा शब्द तेलुगूतील ‘पिट्ट’, म्हणजे लहान पक्षी, यावरून आलेला आहे आणि फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञ व्हिएयो यांनी १८१६ मध्ये तो प्रजातीचे नाव म्हणून वापरला. ‘ब्रॅकियुरा’ म्हणजे ग्रीक भाषेतून आलेले ‘आखूड शेपटीचा’. त्याआधी, १७६६ मध्ये, कार्ल लिनियस यांनी या पक्ष्याचे वर्णन केले तेव्हा त्याला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत घातले होते. एक भारतीय भाषेतला साधा शब्द अशा रीतीने आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या एका संपूर्ण कुळाचे नाव झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

४. आवाज कसा ओळखावा? तो ठरावीक वेळीच ओरडतो हे खरे आहे का?

त्याची हाक म्हणजे दोन सुरांची स्पष्ट, मोठी शीळ असते. पहिला सूर लांबवत वर चढतो आणि दुसरा झटकन खाली उतरतो. अक्षरांत लिहायचे तर ‘व्हीऽऽट-ट्यू’ असे काहीसे होईल. कधी कधी तिला तिसरा सूरही जोडलेला असतो. हाक देताना पक्षी मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो आणि त्याचे सगळे अंग हलते. पक्ष्याच्या आकाराच्या मानाने हा आवाज बराच लांब पोहोचतो, म्हणून ‘अगदी जवळ आहे’ असे वाटून आत शिरणारे लोक बहुधा फसतात.

वेळेविषयी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढताना तो मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, एकदोनदाच हाक देतो. एकाने दिली की आसपासचे इतरही देतात आणि मग सगळे गप्प होतात. सहा वाजताचा पक्षी हे तमिळ नाव त्यावरून पडले. आपल्याकडे विणीच्या काळात मात्र हे वेळापत्रक मोडते. जूनमध्ये, विशेषतः आभाळ भरून आलेले असेल तर, तो भर दुपारीही तासभर शीळ घालत बसतो. चेन्नईत किंवा बंगळुरूत राहणारे मराठी वाचक ‘इथला नवरंग गावाकडच्यापेक्षा अबोल का’ असे विचारतात, त्याचे उत्तर हेच आहे: जात एकच असली तरी ऋतू वेगळा असतो.

५. एवढी सुंदर शीळ घालतो, तर मग नवरंगाला ‘गायक पक्षी’ म्हणायचे की नाही?

बोलण्यात जरूर म्हणावे, पण वर्गीकरणाच्या भाषेत तो गायक पक्ष्यांत मोडत नाही. फांदी पकडून बसू शकणाऱ्या पक्ष्यांचा जो प्रचंड मोठा गण आहे, त्याच्या दोन मुख्य शाखा आहेत. एका शाखेत दयाळ, बुलबुल, कस्तूर, शिंजीर, चिमणी आणि कावळासुद्धा येतो; यांच्या स्वरयंत्राचे स्नायू गुंतागुंतीचे असतात आणि यांतले बहुतेक पक्षी आपले गाणे थोरांचे ऐकून शिकतात. शास्त्रीय अर्थाने गायक पक्षी ते हेच. दुसऱ्या शाखेतील पक्ष्यांचे स्वरयंत्र तुलनेने साधे असते आणि त्यांची हाक बहुतांशी उपजत असते. या दुसऱ्या शाखेच्या एक हजाराहून अधिक जाती आहेत, पण त्यांतल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडांत आहेत. जुन्या जगात तिचे जे मोजके वारस उरले आहेत त्यांत पिट्टा कुळ येते आणि नवरंग त्याच कुळातला आहे.

याचा परिणाम कानालाही जाणवतो. शीळकरी कस्तूर पहाटे गाऊ लागला की दोन ताना सारख्या येत नाहीत. नवरंग मात्र तीच दोन सुरांची शीळ, त्याच चढउताराने, शेकडो वेळा देतो. ज्याला गाणे म्हटले जात नाही असा कावळा गायकांच्या पंक्तीत बसतो आणि ज्याची शीळ ऐकायला लोक पहाटे उठतात तो बाहेर राहतो, हे चमत्कारिक वाटेल. पण ही नावे नात्यावरून दिलेली आहेत, गोडव्यावरून नव्हेत.

६. नर आणि मादी यांत फरक कसा करावा?

डोळ्यांनी करता येत नाही, कारण दोघांचे रंग सारखेच असतात. नुकतेच वाढलेले पक्षी फिकट दिसतात, त्यांना मादी समजण्याची चूक अनेक छायाचित्रांखाली आढळते.

७. महाराष्ट्रात तो कधी येतो आणि कधी जातो?

मे महिन्यात वळवाचे पाऊस सुरू झाल्यावर पहिले पक्षी पोहोचू लागतात आणि मृगाच्या आगेमागे कोकणापासून विदर्भापर्यंतच्या योग्य जंगलांत त्यांच्या शिळा ऐकू येतात. जून ते ऑगस्ट हा विणीचा काळ आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो जवळजवळ मुका होतो. पक्षी तिथेच असतो, पण हाक बंद झाल्यामुळे ‘गेला’ असे वाटते. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये तो खरोखर दक्षिणेकडे निघतो. या दोन्ही प्रवासांच्या काळात तो एरवी कधी दिसणार नाही अशा जागी, म्हणजे शहरातल्या बागेत, शाळेच्या आवारात, इमारतीच्या वाहनतळात, दोनचार दिवसांसाठी उतरलेला आढळतो.

८. मग बाकीचे महिने तो कुठे असतो?

द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत. विणीचा पट्टा पाकिस्तानच्या उत्तरेकडील मार्गल्ला टेकड्यांपासून हिमालयाच्या पायथ्याने नेपाळच्या पुढपर्यंत आणि खाली मध्य भारतातील डोंगर व सह्याद्रीतून कर्नाटकापर्यंत पसरलेला आहे. पावसाळा संपला की हे सगळे पक्षी दक्षिणेकडे सरकतात. डेहराडूनजवळ वाढलेला पक्षी श्रीलंकेत पोहोचत असेल, तर त्याचा एका बाजूचा प्रवास सरळ रेषेतही सुमारे अडीच हजार किलोमीटरचा होतो. हा प्रवास रात्री होतो. जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा, दिवसा उडायचा कंटाळा करणारा हा आखूड शेपटीचा पक्षी अंधारात एवढे अंतर कापतो, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. हिवाळ्यात तो तिथल्या जंगलांतच नव्हे, तर जुन्या झाडांच्या बागांतही राहतो आणि आपला तुकडा राखून असतो. त्या तुकड्यात दुसऱ्या नवरंगाला तो येऊ देत नाही.

९. मला जानेवारीत गोव्यात नवरंग दिसला. ओळखण्यात चूक झाली का?

बहुधा नाही. प्रश्न ७ मध्ये दिलेले वेळापत्रक महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला लागू पडते, पण स्थलांतराची रेषा राज्याच्या सीमेवर थांबत नाही. गोव्यातील बोंडला आणि मोले परिसरातील जंगलांत हिवाळ्यातही नवरंग नियमित दिसतो. किंबहुना पक्षी पाहायला डिसेंबर–फेब्रुवारीत तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत तो हमखास असतो. त्याला लागून असलेल्या दक्षिण कोकणातही हिवाळ्यातली नोंद अशक्य मानू नये. उलट नागपूर किंवा नाशिक भागात जानेवारीत दिसलेला नवरंग ही खरोखर वेगळी घटना ठरेल. अशी नोंद करताना छायाचित्र नसेल तर आवाज तरी मोबाइलवर टिपून ठेवावा.

१०. इतका भडक रंग असून तो दिसत का नाही?

कारण तो भडक रंग बहुतेक खाली आहे आणि पक्षी आपल्याकडे पाठ करून उभा असतो. हिरवी पाठ सावलीत, पडलेल्या पानांत आणि कवडशांत इतकी मिसळते की तीन मीटरवरचा पक्षीही नजरेतून सुटतो. डोक्यावरचे काळे-बदामी पट्टे डोक्याची आकृती मोडून टाकतात. लाल रंग पोटाखाली झाकलेला राहतो. निळ्या रंगाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे: पक्ष्यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते, पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरला जाऊन तो निळा दिसतो. गर्द सावलीत खांद्याचा तो डाग काळपट वाटतो आणि उन्हाचा तुकडा पडताच एकदम पेटतो.

म्हणून नवरंग शोधताना रंग शोधणे सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कान लावावा, मग जमिनीकडे पाहावे. पाचोळा उलटताना होणारी खसखस, थोडे थांबणे, पुन्हा खसखस, अशी लय ऐकू आली की तिथेच खाली बसून राहावे. दहापैकी काही वेळा तो सरडा किंवा कस्तूर निघेल, ते सोसावे लागते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: शीळ घालण्यासाठी आणि रात्री झोपण्यासाठी तो झाडावर चढतो, त्यामुळे शीळ चालू असताना नुसते जमिनीवर शोधत राहिल्यास पक्षी डोक्यावर बसलेला असतो.

११. तो काय खातो?

मुंग्या, वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, गांडुळे, लहान गोगलगायी आणि पाचोळ्यात सापडणारे इतर कीटक. चोचीने तो पाने बाजूला फेकतो, ओल्या मातीत टोच मारतो आणि दोन उड्या पुढे जातो. हिवाळ्यात वस्तीजवळ राहणारे काही पक्षी खरकट्यातले तुकडे उचलताना दिसले आहेत, पण त्याला अन्न घालण्याचे ते निमित्त ठरू नये.

१२. घरटे कसे असते?

वाळकी पाने, गवत आणि काटक्यांचा एक ओबडधोबड गोळा, ज्याला एका बाजूला गोल दार असते. तो जमिनीवर किंवा कमी उंचीच्या फांदीत असतो आणि बाहेरून वाऱ्याने साचलेल्या पाचोळ्याच्या ढिगापेक्षा वेगळा दिसत नाही. आत चार-पाच अंडी असतात. ती चकचकीत पांढरी, जवळजवळ गोल आणि गर्द जांभळट ठिपक्यांची असतात. घरटे बांधणे, अंडी उबवणे आणि पिलांना भरवणे ही कामे नर-मादी मिळून करतात. पिले आंधळी आणि पिसांविना जन्मतात.

हे सांगण्यामागे घरटे शोधायला प्रोत्साहन देण्याचा हेतू नाही. माणसाच्या येण्याजाण्याने झुडपात वाट पडते आणि त्या वाटेने साप, मुंगूस, कावळा यांपैकी कोणीतरी नंतर येते. चुकून घरट्यापाशी पोहोचलात, तर आल्या पावली, फांद्या न हलवता मागे फिरावे आणि ती जागा कोणाला सांगू नये. जवळच्या मित्रालाही नाही.

१३. महाराष्ट्रात कुठे पाहायला मिळेल?

मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुंगारेश्वर आणि कर्नाळा ही ठिकाणे जवळ आहेत. रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यही चांगले आहे. विदर्भात ताडोबा, पेंच आणि मेळघाट येथे तो वीण करतो, पण पावसाळ्यात या व्याघ्रप्रकल्पांचे गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असल्याने बफर क्षेत्रावर समाधान मानावे लागते. खरे तर ठिकाणाच्या नावापेक्षा जागेचा पोत महत्त्वाचा आहे: वर झाडांची सलग सावली, मधे करवंदी, रानमोडीसारखी किंवा बांबूची दाटी, खाली न झाडलेला पाचोळा आणि जवळपास एखादा ओहोळ. अशी जागा गावच्या देवराईतही सापडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सकाळी सहा ते आठ ही वेळ सर्वांत चांगली.

१४. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर तो समोर येतो. त्यात वाईट काय?

तो समोर येतो, कारण आपल्या हद्दीत परका घुसला आहे असे त्याला वाटते. तो खाणे, घरटे आणि पिले सोडून त्या परक्याला शोधत फिरतो आणि परका तर कुठेच नसतो. एका माणसाने एकदा असे केल्याने जंगल ओस पडणार नाही, हे मान्य. पण जूनमधल्या रविवारी कर्नाळ्यासारख्या लहान जंगलात एकाच पक्ष्यापुढे सकाळपासून दहा जण तोच आवाज वाजवत असतात. पाचोळ्यावर अळ्या टाकून त्याला ठरावीक दगडावर आणणे हाही त्याचाच भाऊबंद प्रकार आहे. त्या छायाचित्रांत पक्षी फार सुरेख दिसतो, पण मागची पाने एकजात त्याच दगडामागची असतात. प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे अर्धा तास बसून राहिल्यास तो बहुधा आपण होऊन येतो.

१५. काचेवर आपटून नवरंग पडला आहे. काय करावे?

प्रथम त्याला मांजर, कुत्रे आणि कावळ्यांपासून दूर करावे. पातळ कापड टाकून अलगद उचलावे आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कापड पसरून ठेवावे. खोका बंद करून शांत, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवावा. चोचीत पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. भात, पोळी किंवा दूधही देऊ नये. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. नुसता धक्का बसलेला असेल तर तास-दोन तासांत तो खोक्यात हालचाल करू लागतो. तेव्हा काचेच्या इमारतींपासून दूर, झाडेझुडपे असलेल्या जागी खोका उघडावा. अंधार पडला असेल तर सकाळपर्यंत थांबावे.

पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, दोन तासांनंतरही तो उभा राहत नसेल किंवा मांजराने धरला असेल, तर वाट पाहू नये. मांजराच्या दातांची जखम बाहेरून दिसत नसली तरी तिच्यातून होणारा संसर्ग जीवघेणा ठरतो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे.

नवरंगच असा वारंवार का सापडतो, याचे कारण प्रश्न ८ मध्ये आले आहे: तो रात्री प्रवास करतो, दिव्यांच्या झगमगाटाने वाट चुकतो आणि दमलेला असताना वस्तीत उतरतो. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत वरच्या मजल्यांवरचे अनावश्यक दिवे रात्री मालवले आणि मोठ्या काचांवर पडदे ओढले, तर अशी खोकी कमी लागतील.

१६. बरा झालेला पक्षी पाळता येईल का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो पकडणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. उपचारापुरता ठेवलेला पक्षीही वनविभागाला कळवूनच ठेवायचा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी जिवंत कीटकांवर जगणारा आणि स्थलांतराच्या ऋतूत रात्रभर अस्वस्थ होणारा पक्षी पिंजऱ्यात धड राहत नाही.

१७. आमच्या वाडीत त्याने यावे यासाठी काय लावावे?

लावण्यापेक्षा काही गोष्टी करायच्या थांबवाव्यात. आंबा-काजूच्या बागेत किंवा घरामागे एखादा कोपरा असा ठेवावा, जिथला पाचोळा कोणी झाडणार नाही, पेटवणार नाही आणि जिथे कीटकनाशक पडणार नाही. कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पाचोळा आणि कवळ (झाडांच्या तोडलेल्या पानाळ डहाळ्या) गोळा करण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागे शेतीचे कारण आहे, त्यामुळे ती सरसकट वाईट म्हणता येणार नाही. पण मेअखेर लांबून आलेल्या पक्ष्याला खाली उघडी माती किंवा वणव्याची राख मिळाली तर त्याला तिथे खायलाही काही नसते आणि घरटे बांधायलाही. परड्याच्या कडेची करवंदीची जाळी तोडण्याआधी एक पावसाळा तिथे काय बोलते ते ऐकावे. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवल्यास प्रवासात उतरलेले पक्षी त्यावर येतात. पाळीव मांजर मोकळे फिरत असेल तर मात्र यांतले काहीही करू नये.

१८. मी पाहिलेला निळा पक्षी नवरंग होता की दुसरा कोणी?

पाण्याजवळच्या तारेवर किंवा खांबावर बसलेला, लांब जाड चोचीचा निळा पक्षी खंड्या असतो. उडताना पंखांत निळ्या रंगाचे पट्टे दाखवणारा, माळावरच्या तारेवर बसणारा नीलपंख असतो. ओढ्याकाठी दगडांवर वावरणारा, अंगाने जवळजवळ काळा आणि कपाळ व खांद्यावर निळी झाक असलेला पक्षी शीळकरी कस्तूर असतो. खरी गल्लत होते ती नारिंगी डोक्याच्या कस्तुराशी, कारण तोही त्याच सावलीत, तसाच पाचोळा उलटत फिरतो. त्याचे डोके व पोट नारिंगी आणि पाठ निळसर करडी असते. आपल्याकडच्या या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन उभे काळपट पट्टे असतात. नवरंगाचा पट्टा आडवा, डोळ्यावरून मागे जाणारा असतो आणि शेपटी इतकी आखूड असते की ती कोणी कापली आहे असे वाटते.

१९. सुंदरबनात आणि ईशान्येत पाहिलेला ‘नवरंग’ वेगळा वाटला. असे का?

कारण तो बहुधा वेगळ्या जातीचा होता. सुंदरबनात आणि ओडिशातील भितरकणिकेच्या खारफुटीत खारफुटी पिट्टा आढळतो; तो दिसायला आपल्या नवरंगासारखाच असतो, पण चोच बरीच जाड असते आणि डोक्यावर मधला काळा पट्टा नसतो. ईशान्य भारतातील जंगलांत काळ्या डोक्याचा हिरवा पिट्टा, निळा पिट्टा आणि निळ्या मानेचा पिट्टा यांची भर पडते. प्रश्न १ मधला ‘दिसला की नवरंगच’ हा नियम म्हणूनच महाराष्ट्र आणि गोव्यापुरता समजावा.

२०. नवरंग आला की पाऊस येतो, हे खरे मानावे का?

दोघांच्या येण्याची वेळ जुळते, एवढेच खरे आहे. पहिल्या पावसाने माती मऊ होते, गांडुळे आणि वाळवी वर येतात आणि पिले वाढवण्याइतके अन्न जमिनीवर मिळू लागते, म्हणून विणीचा हंगाम पावसाशी बांधलेला आहे. पण प्रवास तर त्याने त्याआधीच, कोरड्या आभाळाखाली सुरू केलेला असतो. ज्या वर्षी मोसमी पाऊस लांबतो त्या वर्षी तो आधी येऊन वाट पाहताना आढळतो. ‘पेर्ते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाक घालण्याचे काम आपल्या परंपरेने पावशाकडे दिलेले आहे आणि आभाळाकडे डोळे लावण्याचे चातकाकडे. नवरंगाला त्या मानात वाटा मिळालेला नाही.

२१. तो नामशेष होण्याच्या मार्गावर आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘सर्वांत कमी चिंतेच्या’ गटात आहे, कारण त्याचा विस्तार फार मोठा आहे. पण विस्तार मोठा असणे आणि तुमच्या गावच्या राईत तो टिकून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला दोन घरे लागतात आणि मधल्या रस्त्यावर उतरायला सावलीचे तुकडे लागतात. यांतले कोणतेही एक गेले तरी त्याचा परिणाम दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच राज्यात, दिसू शकतो. गावातली शीळ बंद झाली असे ज्यांना वाटते त्यांनी दरवर्षी ती पहिल्यांदा ऐकल्याची तारीख आणि जागा लिहून ठेवावी.

२२. जमिनीवर एकटे पिलू सापडले आहे, उडता येत नाही. उचलून आणावे का?

हा प्रश्न १५ पेक्षा वेगळा आहे, कारण येथे उचलणे हीच बहुधा चूक ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये सापडणाऱ्या पिलाच्या अंगावर पिसे असतील, ते उभे राहत असेल आणि टुणटुण उड्या मारत असेल, तर ते नुकतेच घरट्याबाहेर पडलेले आहे. जमिनीवरच्या पक्ष्याचे पिलू जमिनीवरच असणार. आईबाप जवळच्या झुडपात, चोचीत किडे धरून, तुम्ही कधी निघता याची वाट पाहत असतात. उघड्या रस्त्यावर असेल तर त्याला दोनचार पावलांवरच्या झुडपाखाली सरकवून निघून यावे. अंगावर पिसेच नसलेले पिलू असेल आणि घरटे समोर दिसत असेल, तर ते हलक्या हाताने परत आत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलू टाकतात, ही समजूत खरी नाही. घरटे दिसत नसेल किंवा मोडलेले असेल, तरच खोका आणि १९२६ यांच्याकडे वळावे, आणि पिलू नेमके कुठल्या झाडाखाली मिळाले ते लिहून ठेवावे, कारण त्याला वाढवून सोडायचे झाले तर तीच जागा लागेल.